आमची वाटचाल : चार घरं मोकळी

२००४ साली गोव्यात, फोंड्यात, बाजारापासून दोन गल्ल्या आत, एक जुनं एकरंगी ऑफसेट घेऊन छापखाना सुरू केला. बिलबुकं, लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, नाटकांची पोस्टरं, चवथीआधी आरतीच्या पुस्तिका. अशी पंधरा वर्षं गेली. कामं आली, केली, उधारी राहिली. त्यात सांगण्यासारखं काही नाही. (उधारी चवथीच्या आत वसूल करा. चवथ उलटली की दिवाळीपर्यंत कोणी खिशात हात घालत नाही.)

सांगायचं आहे ते २०१९च्या जुलैचं.

काजूवाले बाब आमचे पहिल्या दिवसापासूनचे गिऱ्हाईक. आमच्या मशीनवर निघालेलं पहिलं बिलबुक त्यांचं. मशीनचा हप्ता थकला होता तेव्हा या माणसाने न मागता सहा महिन्यांच्या लेबलांचे पैसे आगाऊ आणून टेबलावर ठेवले आणि चहासुद्धा न घेता गेले. त्या वर्षी त्यांनी चवथीसाठी भेटीचे बॉक्स काढायचं ठरवलं, पाच हजार. ३०० जीएसएम डुप्लेक्स (बॉक्सचा जाड पुठ्ठा), चार रंग, वर चकचकीत लॅमिनेशन. डिझाइन त्यांच्या मुलाच्या ओळखीने पणजीहून झालेलं. झाकणाच्या कोपऱ्यात क्यूआर कोड, कोडच्या मधोमध काजूचा लोगो, भोवती नक्षीची किनार. स्कॅन केला की काजू कसा भाजतात त्याचा व्हिडिओ उघडणार. मी कॉम्प्युटरच्या स्क्रीनसमोर फोन धरला, उघडला. बाबांनी धरला, त्यांचाही उघडला. प्रूफवर सही झाली.

माल गेला. तिसऱ्या दिवशी बाबांचा फोन. "बाब, हें उगडना मरे."

गेलो. दहा बॉक्सांतले दोन उघडत होते, तेही दुकानाबाहेर उजेडात नेऊन, फोन वाकडा करून. आमच्याच गल्लीत डिजिटल प्रिंटिंगचं दुकान थाटलेल्या गृहस्थांना याचा वास कसा लागला देव जाणे. संध्याकाळी ते बाबांच्या काउंटरवर हजर. चार गिऱ्हाइकांसमोर त्यांनी बॉक्सवर फोन धरून दाखवला, व्हिडिओ घेतला आणि स्टेटसला टाकला. खाली ओळ : ऑफसेटवाल्यांचं काम पत्रिका छापायचं. त्या आठवड्यात माझी तीन कामं त्यांच्याकडे गेली. त्यांतल्या एका गिऱ्हाइकाच्या मुलाच्या मुंजीची पत्रिका मी फुकट छापून दिली होती.

पणजीचा डिझायनर म्हणाला, फाइल बरोबर आहे, छपाई बघा. छापणारा नेहमीच चोर.

रात्री मशीनमनमामा आणि मी भिंग घेऊन बसलो. मामा ट्रेडलच्या, म्हणजे पायाने चालवायच्या छापयंत्राच्या काळातला माणूस, खिळे उलटे वाचणारा. भिंगाखाली एक बॉक्स धरून म्हणाले, "हो काळो न्हय." खरंच, तो काळा नव्हताच. निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा असे चार थर मिळून झालेला काळा होता. फाइल स्क्रीनच्या रंगांत केलेली; छपाईसाठी बदलताना शुद्ध काळ्याचा चाररंगी काळा झाला. आमचं मशीन एकरंगी, म्हणजे तोच कागद चार वेळा मशीनमधून जायचा. आणि जुलै महिना. फोंड्याच्या पावसात कागद पाणी पितो आणि फुगतो. रात्रभर थप्पी पडून राहिली की सकाळचा कागद कालच्यापेक्षा रुंद, मग रजिस्टर, म्हणजे रंगावर रंग नेमका, कुठून बसणार? फोटोत, नक्षीत ते कोणाला दिसत नाही. कोडमध्ये दिसतं.

टाचणीच्या टोकाने मी कोडची घरं, म्हणजे ते काळे-पांढरे बारीक चौकोन, मोजली. एका बाजूला ५७. कोडची बाजू १२ मिलिमीटर. म्हणजे एक घर ०.२१ मिलिमीटर. रजिस्टर पाव मिलिमीटर सरकलं की अख्खं घर सरकलं. काळ्याच्या कडेने किरमिजी झालर आणि पांढऱ्या फटी बुजलेल्या. फोनने वाचायचं काय?

५७ घरं का, तर लिंक ११० अक्षरांची, मागे कुठून आला नि कुठल्या जाहिरातीतून आला याची शेपटी. मध्ये लोगो बसवायचा म्हणून दुरुस्तीची पातळी सगळ्यात वरची, एच. या पातळीत कोडचा सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो, पण त्यासाठी जादा घरं लागतात, आणि तेवढ्याच जागेत घर बारीक होतं. हा कोड १९९४ साली जपानच्या डेन्सो कंपनीत मोटारीच्या सुट्या भागांसाठी निघाला. कारखान्यात लेबलाला तेल लागतं, मळ लागतो, म्हणून ही माफी ठेवलेली. ती मळासाठी आहे, लोगोसाठी नाही. लोगोने आधीच खाल्ली, मग पावसाला काय उरलं?

शिवाय नक्षीची किनार कोडला चिकटलेली. कोडच्या चारी बाजूंना चार घरांएवढी जागा कोरी सोडायची असते, नाहीतर तीन कोपऱ्यांतले ते मोठे चौकोन फोनला सापडत नाहीत. आमच्याकडे एक घरसुद्धा मोकळं नव्हतं. स्क्रीनवर चाललं, कारण तिथे कोड हाताएवढा मोठा करून बघितला होता आणि चार रंग एकमेकांवर बरोबर बसलेले. ती चूक माझी, हे मान्य करतो. बाकीच्या नाहीत.

बॉक्स परत छापायचे तर छापखाना विकावा लागला असता. बाब म्हणाले, "स्टिकर मारूया." एवढंच. लिंकची शेपटी कापून ३० अक्षरांवर आणली, लोगो काढला, पातळी मधली ठेवली. घरं २९ झाली, कोड २० मिलिमीटरचा. म्हणजे एक घर जवळपास ०.७ मिलिमीटर, तिपटीहून मोठं. पांढऱ्या मॅट स्टिकरवर नुसता काळा, एका प्लेटचा. एकच रंग, मग सरकणार कोण? दोन रात्री आमच्या सोप्यावर आई, बायको, मामा, मामांची सून आणि बाबांचा तोच मुलगा बसून पाच हजार स्टिकर मारत होते. आई मध्येच विचारायची, हे उघडल्यावर काजू मिळतात का. बाबांनी बॉक्सांचे पूर्ण पैसे दिले, स्टिकरचे मी घेतले नाहीत. मुलाने एकदाही डिझायनरचं नाव काढलं नाही, मीही काढलं नाही.

तेव्हापासून टेबलाच्या खणात चार जुने फोन आहेत. त्यांतल्या एकाची काच फुटकी, एकाचा कॅमेरा धुरकट. कोड या चौघांवर चालला तरच प्लेट निघते, तीही छापील प्रूफवरून, लॅमिनेशन मारून, ट्यूबलाइटखाली. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला कोडचा जेपीजी मी घेत नाही. लिंक द्या, कोड मी काढतो. जत्रेचा फ्लेक्स दहा फुटांवरून बघणार असाल तर कोड फूटभर हवा, तळहाताएवढा नको. आणि भाच्याला डिझायनर करायचा असेल तर आधी एक महिना मशीनवर उभा करा.

२०२०नंतर हॉटेलांचे मेनू कोडवर गेले, ते सगळं काम गल्लीतल्या त्याच गृहस्थांना मिळालं. त्यांनी वर्गणीवाल्या वेबसाइटवरून कोड काढून दिले. वर्षाने वर्गणी संपली आणि टेबलावरचे कोड मेनूऐवजी पैसे भरा असं सांगू लागले. साधा, थेट लिंकचा कोड कधी मुदत संपून मरत नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नसावं. त्याचा व्हिडिओ मात्र कोणी स्टेटसला टाकला नाही. मीही नाही टाकला. दोनदा घेतला होता.

या चवथीसाठी बाबांचा मुलगाच आला होता, आता दुकान तोच बघतो. म्हणाला, काका, यंदा कोड सोनेरी फॉइलमध्ये करूया. मी नाही म्हटलं. फॉइल आरशासारखी चमकते, फोनला कधी काळी दिसते, कधी पांढरी.

"बरं, मग फॉइल किनारीला लावू."

मी भिंग आणि पट्टी काढली. "किनार कोडपासून किती लांब?"