रांगोळीत वाडी कुठाय?

आशांच्या, म्हणजे गावोगावी घरभेटी देणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्यांच्या, प्रशिक्षणाला जाताना मी पिशवीत रांगोळीचा डबा टाकते. सरकारी किटात थर्मामीटर असतो, वजनकाटा असतो, घड्याळ असतं, रांगोळी नसते.

पहिल्या दिवशी चहा झाला की सतरंज्या बाजूला करायला लावते आणि सांगते, आपापलं गाव काढा फरशीवर. बायका खुश होतात. देऊळ पहिलं येतं, मग शाळा, अंगणवाडी, स्वतःचं घर (त्याला तुळस हमखास), सरपंचांचं घर, बोअरिंग. अर्ध्या तासात सभागृह भरून जातं. मग मी फिरते आणि कातकरी आदिवासींच्या वस्तीबद्दल एकच विचारते, "कातकरवाडी कुठाय?"

कोणीतरी ओशाळं हसते, चिमूट घेते आणि पार भिंतीकडे चार ठिपके टाकते. "ती गावाबाहेर आहे ना मॅडम. आणि दिवाळीनंतर तिथं असतं कोण?"

मी रायगड जिल्ह्यातली निवृत्त आरोग्य सहाय्यिका. आता मानधनावर शिकवते. त्या चार ठिपक्यांवर मी पूर्वी रागवायचे. हल्ली रागवत नाही, कारण माझ्या नोकरीतल्या पहिल्या दहा वर्षांत माझ्याही डायरीत ती वाडी "घर बंद" अशीच आहे.

बाकी प्रशिक्षण तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरं असतं. बाळाचे श्वास मोजणं आम्ही घोटून घेतो. आंगडं वर करायचं, पोटाकडे बघायचं, पूर्ण एक मिनिट. मध्येच बाळ रडलं तर पुन्हा पहिल्यापासून. साठ किंवा जास्त आले तर परत एकदा मोजायचे, आणि परत तेवढेच आले तर बाळ दवाखान्यात. आठवीपर्यंत शिकलेली बाई हे इतकं चोख करते की नवा डॉक्टर लाजावा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना हेच शिकवून नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणून दाखवले, १९९९ साली ते जगापुढे मांडलं, आणि आज आशा ज्या घरभेटी करतात त्यांचं मूळ तिथं आहे. म्हणजे शिकवता येतं, त्यात शंका नाही. पण मोजायला बाळ समोर तर यायला हवं!

त्यात पैशाचं गणित आहे, ते प्रशिक्षणात कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते. बाळंतपण दवाखान्यात झालं तर सहा भेटी, घरी झालं तर सात, शेवटची बेचाळिसाव्या दिवशी. सगळ्याचे मिळून २५० रुपये. त्यालाही अटी: वजन कार्डावर हवं, बीसीजी-पोलिओ झालेला हवा, जन्माची नोंद हवी, आणि बेचाळीस दिवसांनंतर आई-बाळ दोघं सुखरूप हवीत. आता कातकरी बाई वीटभट्टीच्या मालकाची उचल घेऊन बसलेली. विसाव्या दिवशी टेम्पो येतो, ओल्या बाळंतिणीला आणि बाळाला घेऊन भिवंडी-कल्याणकडे जातो. फॉर्म अर्धा राहतो. जिथं मूल दगावायची भीती जास्त, तिथंच आशाच्या पदरात काही न पडण्याची शक्यता जास्त. मग ती वाडीचा चढ का चढेल? मी असते तर चढले असते का, माहीत नाही.

तीन वर्षांपूर्वी एका बॅचला कातकरी मुलगी आली. शिक्षणाची अट शिथिल करून घेतलेली, सहावी पास. दाराजवळ बसायची. डबा वेगळा खायची, म्हणजे तिला वेगळं बसवलं होतं असं नाही, पण गोल झाला तेव्हा कोणी सरकून जागा केली नाही. मी बघितलं आणि डबा उघडला.

दुपारी आहाराचं सत्र. मी ठरलेलं पाठ म्हटलं: दूध, अंडी, पालेभाज्या, जमेल तसं फळ. फळ्यावर सफरचंद काढलं. कोकणात सफरचंद! तिनं हात वर केला. "मॅडम, आमच्या वाडीत सफरचंद कोण आणील? चिंबोऱ्या मिळतात, मासे मिळतात, शेतातले उंदीर मिळतात. ते सांगू का?"

अख्खी खोली हसली. आणि मीही. फार नाही, ओठाच्या कोपऱ्यातून, पण तिनं पाहिलं.

चहाच्या सुट्टीत मी तिच्याकडे गेले, माफी वगैरे मागायला जमलं नाही. चिंबोऱ्या कशा करता विचारलं. तिनं कालवण सांगितलं, मग पावसाच्या तोंडावर येणारी शेवळं, मग टाकळा, भारंगी. सत्र पुन्हा सुरू झालं तेव्हा सफरचंद पुसून टाकलं आणि खडू तिच्या हातात दिला. लिहायला तिला वेळ लागला. कोणी हसलं नाही.

नगर जिल्ह्यात जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे या दांपत्यानं काम सुरू केलं तेव्हा गावच्या आरोग्याच्या कामाला निवडलेल्या कितीतरी बायका निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या. वेगवेगळ्या जातींच्या त्या बायकांना प्रशिक्षणाला एकत्र जेवायला, एकत्र झोपायला लावायचे. हे मी नोकरीत नवीन असताना ऐकलं होतं आणि छान गोष्ट म्हणून सोडून दिलं होतं. आता माझ्या बॅचला डबे एकाच सतरंजीवर मध्यभागी येतात. कुरकुर होते. एकीचा उपास निघतो, दुसरीचं पोट बिघडतं. निघू दे.

आणि घरभेटीच्या तक्त्यात मी स्वतःचा एक रकाना पेन्सिलीनं आखून घेते: पाणी प्यायलात का? वरिष्ठांपैकी एकानं विचारलं, हा निर्देशांक कुठून आणला? म्हटलं, साहेब, ज्या घरात आशा पाण्याचा पेला हातात घेत नाही, त्या घरातली सून तिला अंगावरून जातंय हे कधी सांगेल?

त्या मुलीनं मात्र रकाना वगैरे केला नाही. तिनं शंभर पानी वही घातली. डावीकडे बाईचं नाव आणि महिना, उजवीकडे मुकादमाचा फोन, भट्टीचं गाव, आणि शेवटी तिकडच्या आशाचा नंबर. तो नंबर मिळवायला तिला आठ-आठ फोन करावे लागतात, रिचार्ज स्वतःचा. मागच्या शिमग्याला बायका वाडीवर आल्या तेव्हा तिनं वही दाखवली. अकरा नावं होती. सात जणींचं उजवं पान भरलं होतं, चार कोरी.

परवा तिचा फोन आला. कोऱ्यांपैकी एक बाई शहापूरकडे सापडली, आठवा लागलाय, तिकडं कोणी ओळखीचं आहे का मॅडम? मी माझी जुनी डायरी काढून बसलेय.