ओलाफच्या वाटेवर: मरीएहाम्न

संत ओलाफची वाट, म्हणजे यात्रेकरूंची पायवाट, फिनलंडमधल्या तुर्कूहून निघते आणि बेटं, स्वीडन असं करत नॉर्वेत ट्रॉन्डहाइमला पोचते. फिनलंड आणि स्वीडनच्या मधल्या ओलांद बेटांवर चालण्याचा हिशेब पायांवर नाही, फेरीबोटीवर. काही मार्गांवर दिवसाला मोजक्याच फेऱ्या, त्यामुळे आम्ही मुक्काम किलोमीटर बघून नव्हे, धक्का बघून ठरवले. दिंडी नाही, अन्नदान नाही. दोन वेळचं जेवण पाठीवर हवंच.

खरा त्रास गोचिडांचा. पँट मोज्यात खोचा, रात्री गुडघ्यामागे आणि जांघेत तपासा. चावलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, तेल लावू नका. गोचिडांमुळे होणाऱ्या मेंदुज्वरावर लस आहे, पण पहिल्या दोन मात्रांत एक ते तीन महिन्यांचं अंतर लागतं. निघायच्या आठवड्यात आठवून उपयोग नाही. गोचिडांमुळेच होणाऱ्या लाइम या दुसऱ्या आजारावर मात्र ही लस चालत नाही, म्हणून पसरत जाणारा लाल चट्टा दिसला की डॉक्टर गाठा.

फॉग्लो बेटावरच्या देगरबीहून स्वीनोला साधारण अर्ध्या तासात उतरलं की मुख्य बेट. ओलांदची राजधानी मरीएहाम्न १८६१ साली वसलं, दोन बंदरांच्या मधल्या चिंचोळ्या जमिनीवर. लिंडनच्या झाडांचा रस्ता धरून एका बंदरातून दुसऱ्यात चालतच जाता येतं. पश्चिमेला 'पोमर्न' उभं आहे: १९०३ साली ग्लासगोत बांधलेलं, चार डोलकाठ्यांचं पोलादी जहाज. पहिल्या तीन काठ्यांवर आडवी शिडं, चौथीवर नाहीत. सगळ्यात वरची 'रॉयल' शिडंही नाहीत, म्हणजे वर चढायला माणसं कमी लागायची.

मालक गुस्ताफ एरिकसनने ते १९२३ साली घेतलं. वाफेच्या जमान्यात शिडं परवडली कशी? जहाजं जुनी, स्वस्तातली. त्यांचा विमा नाही. वाऱ्याला पैसे पडत नाहीत. आणि शिकाऊ पोरं उलट स्वतःच फी भरत. ऑस्ट्रेलियाला जाताना बहुतेकदा पोटात नुसतं वजन, परतताना केप हॉर्नमार्गे गहू. तोही पोत्यांत, कारण सुटं धान्य वादळात एका अंगाला सरकलं की जहाज कलंडतं. गहू घेऊन युरोपला आधी कोण पोचतं, या शर्यतीत १९३७ साली पोमर्नला ९४ दिवस लागले. जहाजाच्या तळातली, माल ठेवायची रिकामी वखार अवश्य बघा. वरच्या डेकवरून तिच्या आकाराचा अंदाज येत नाही.

पूर्व बंदरात लाकडी बोटी आजही बांधतात, शेजारी खलाशांचं छोटं प्रार्थनाघर आहे. पुढची वाट योमालाच्या जुन्या दगडी चर्चवरून एकेरोला जाते. तिथून स्वीडनची बोट.