रॅश दाखवायला गेलो आणि रॅश वाढवून आलो

लेक सात महिन्यांची. जुलैत तिचं ढुंगण आणि मांड्या लालेलाल झाल्या. सासूबाई म्हणाल्या, "लंगोट बांध गं." बांधले, पण मुंबईच्या पावसात ते वाळवायचे कुठे? शेवटी परळच्या एका हॉस्पिटलात स्किन ओपीडीला गेले.

केसपेपर पटकन निघाला. टोकन ४१, आत बारावा पेशंट. तासाभराने लेकीने शी केली. डायपर कुठे बदलू, विचारलं तर मावशी म्हणाल्या, "बाथरूममध्ये बघा." तिथे फरशी ओली, बाळाला ठेवायला साधा कट्टा नाही. बाकड्यावर दुपटं अंथरलं तर सिक्युरिटीवाला धावत आला. "मॅडम, इथे पेशंट बसतात." अरे, मग ही कोण? अर्धा तास अशी वणवण करून शेवटी जिन्याखाली बसले. पँटवालं डायपर दोन्ही बाजूंनी फाडून काढलं, तर लेक कळवळून रडली. कोमट पाण्याची बाटली आणि सुती फडकं जवळ ठेवाच. सुगंधी वाइप्सनी आणखी झोंबतं.

अडीच तासांनी नंबर लागला. डॉक्टरांनी आधी जांघेच्या घड्या उघडून पाहिल्या. घड्या स्वच्छ, लाली फुगीर भागावर, म्हणजे डायपरच्या ओलीचा रॅश. घड्यांत लाल असतं आणि कडेला बारीक पुळ्या असत्या, तर बुरशीचा संशय आला असता. मांडीवरची लाल रेघ मात्र इलॅस्टिकची. "साइज कोणता?" मी गप्प. सेलमध्ये घेतलेला स्मॉलचा पॅक संपवत होते ना! साइज वजनावरून घ्यायचा.

मग त्यांनी पिशवीतलं कोरं डायपर फाडून आतले पांढरे दाणे दाखवले. लघवी शोषून त्यांचं जेल होतं, पण शी वरच राहते. शी-लघवी एकत्र आली की अमोनिया होतो, पीएच वाढतो (म्हणजे त्वचेची आम्लता कमी होते) आणि शीमधली पाचक एन्झाइम्स त्वचा खातात. म्हणून डायपर गळत नसलं तरी शी झाली की लगेच बदलायचं. बाहेरचा थर हवा खेळू देणारा हवा. माझा स्वस्तातला, प्लास्टिकच्या पिशवीसारखा, आत नुसता घाम.

झिंक ऑक्साइडचं मलम जाड थापायचं, दर वेळी खरवडून काढायचं नाही. पावडर बंद. दिवसातून थोडा वेळ उघडं ठेवायचं.

पाच दिवसांत लाली गेली. फेरतपासणीला मी रबरी शीट घेऊन गेले, बाकड्यावर अंथरली आणि सिक्युरिटीवाल्याकडे बघतच डायपर बदललं.