ओटीपी सांगणाऱ्यांचं गाव

माझ्या दुकानात, खुर्चीच्या मागच्या भिंतीवर बँकेने दिलेला एक फलक आहे: 'ओटीपी कोणालाही सांगू नका.' त्याच्याखाली बसून मी दिवसभर लोकांचे ओटीपी ऐकते. "वैनी, इलो बघ. चार, सात, सात..." आवाज असा खणखणीत की समोर एसटीची वाट बघत बसलेल्यालाही लिहून घेता यावा.

देवगड–विजयदुर्ग रस्त्यावरच्या एका तिठ्यावर आमचं हे केंद्र. झेरॉक्स, रिचार्ज, लाइटबिल, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीएम किसानची ई-केवायसी, आंब्याचा फळपीक विमा आणि आता लाडक्या बहिणींची ई-केवायसी. यातलं निम्मं काम ओटीपीशिवाय हलत नाही, आणि ज्याचा ओटीपी असतो त्याला तो चष्म्याशिवाय दिसत नाही. मग तो मला नाही सांगणार तर कोणाला? सल्ले लिहिणारे धरूनच चालतात की प्रत्येकाचा फोन त्याच्या एकट्याचा. इथे एका फोनवर घरातली चार माणसं, शेजारची काकी आणि मुंबईतल्या दिराच्या नावावरचा गॅस, सगळं नांदतं. 'कोणालाही सांगू नका' हा नियम आमच्याकडे पहिल्याच दिवशी मोडतो. आणि रोज मोडायचा नियम माणूस चोरासमोरही सहज मोडतो, हे त्यातलं खरं दुखणं.

म्हणून मी दुकानात वेगळा नियम चालवते. आपण गेलो, की तो आला? तुम्ही उठून, कागद पिशवीत घालून माझ्याकडे आलात, काम तुमचं, मी समोर बसलेली, स्क्रीन तुमच्याकडे वळवलेली, तर ओटीपी सांगा. जो फोन, मेसेज, लिंक किंवा व्हिडिओ कॉल करून तुमच्याकडे आला, त्याला काहीच सांगायचं नाही. नाव नाही, आधारचा आकडा नाही, 'हो, मीच बोलतोय' एवढंसुद्धा नाही. आणि सांगण्याआधी मेसेज पूर्ण वाचायचा. ओटीपी कशासाठी आहे, किती रुपयांचा आहे, हे बहुतेकदा त्यातच लिहिलेलं असतं. फक्त ते इंग्रजीत असतं. मराठी बोलणाऱ्या माणसाला त्याच्याच पैशाचा इशारा इंग्रजीत का देतात, हे बँकांनाच विचारायला हवं. मी तो मेसेज मोठ्याने मराठीत सांगते, मगच आकडा टाइप करते. वेळ जातो, मागे रांग कुरकुरते. कुरकुरू दे.

मधे आमच्या वाडीतले एक आबा फोन घेऊन आले. फोन तापलेला, बॅटरी भराभर उतरत होती, आणि भजनी मंडळाच्या ग्रुपवर त्यांच्या नावाने कसलीतरी फाइल गेली होती, ती त्यांनी पाठवलीच नव्हती. नाव 'आरटीओ चलान', शेवटी डॉट एपीके. आबांकडे साधी सायकल नाही, चलान कुठलं? पण फाइल आली होती पुतण्याच्या नंबरवरून. "पुतण्यान धाडलेलो, मगे उघडूचो नाय?" हा त्यांचा प्रश्न, आणि त्यात चूक काय? पुतण्याचा फोन आधीच बाधलेला होता, तो फोनच आपणहून ओळखीतल्या सगळ्यांना फाइल पाठवत होता. इथे 'आपण गेलो की तो आला' यात पुतण्याही 'आला'मध्येच मोडतो.

एपीके म्हणजे प्ले स्टोअर टाळून थेट फोनमध्ये घुसणारं अ‍ॅप. कधी ते लग्नपत्रिका बनून येतं, कधी पीएम किसानची यादी, कधी बँकेची केवायसी. लग्नपत्रिका फोटो असेल, पीडीएफ असेल, तिला इन्स्टॉल करायला लागत नाही. असलं अ‍ॅप आत गेलं की आधी एसएमएस वाचायची परवानगी मागतं. ती मिळाली की ओटीपी तुम्ही सांगा वा न सांगा, तुमच्या आधी तो तिकडे पोचतो. आबांचा फोन मी हातात घेतल्याबरोबर विमानाचं चिन्ह दाबून नेटवर्क तोडलं. माझ्या फोनवरून त्यांच्या बँकेला लावलं, पासबुकावर छापलेल्या नंबरवर, आणि खात्यातले व्यवहार थांबवायला सांगितले. मग सेटिंगमध्ये अ‍ॅपची यादी उघडली. स्क्रीनवर त्याचं चिन्ह कुठेच नव्हतं, यादीत मात्र एक बिननावाचं, कोरं चौकोन असलेलं अ‍ॅप बसलेलं. काढायला गेले तर 'अनइन्स्टॉल' फिकट, दाबलं जाईना, कारण त्याने 'डिव्हाइस अ‍ॅडमिन' म्हणून स्वतःला नेमून घेतलं होतं. आधी तो अधिकार काढला, मग ते गेलं. तरी फोन पूर्ण रीसेट केला. नातवंडांचे फोटो तेवढे आधी काढून घेतले, त्याशिवाय आबा ऐकेनात. पैसे शाबूत राहिले.

आंब्याच्या हंगामात वेगळीच जत्रा. फोन येतो, "मी फौजेतून बोलतोय, युनिटच्या कँटीनला पन्नास पेट्या हव्यात." भावात घासाघीस नाही. जो माणूस हापूसच्या भावात घासाघीस करत नाही तो गिऱ्हाईकच नव्हे, हे बागायतदाराला खरं तर तिथेच कळायला हवं. मग ओळखपत्राचा फोटो येतो, गणवेशातला. मग 'आगाऊ रक्कम पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका.' एका बागायतदार काकांनी मला तो क्यूआर दाखवत विचारलं, "पैसे येवचे आसत, तर पिन कित्याक व्हयो?" अर्धं सायबर शास्त्र या एका प्रश्नात आहे. यूपीआयचा पिन फक्त पैसे पाठवताना लागतो किंवा शिल्लक बघताना. पैसे यायला काही लागत नाही, ते झोपेतही येतात. आपल्याकडून पैसे 'मागणारी' कलेक्ट रिक्वेस्ट सामान्य माणसांच्या आपसातल्या व्यवहारांत 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद केलेली आहे, पण क्यूआरचा सापळा तसाच आहे.

उलट बाजूही बघा. आमच्याच बागांचे फोटो उचलून कोणीतरी 'अस्सल देवगड हापूस, घरपोच' असं पान काढतं आणि मुंबई-पुण्यातली माणसं आगाऊ पैसे पाठवून पेटीची वाट बघत बसतात. एप्रिलमध्ये मला चाकरमान्यांचे फोन येतात, 'वहिनी, हा अमुक तुमच्याकडचाच ना?' तुमचा नातेवाईक, नाहीतर ओळखीचा बागायतदार इथे बसलेला असताना इन्स्टाग्रामवरून आंबा कशाला मागवता, हा माझा स्वतंत्र राग आहे, तो पुढच्या हंगामात लिहीन.

'डिजिटल अरेस्ट', म्हणजे खोट्या पोलिसाने व्हिडिओ कॉलवर केलेली 'अटक', आमच्याकडे पोचायला जरा उशीर लागला, पण पोचली. निवृत्त मास्तर, मुलं परदेशात, घरात दोघंच. 'तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कोणाला सांगायचं नाही.' मास्तरांना वाचवलं आमच्या रेंजने. त्यांच्या घरात नेटवर्क मिळतं ते फक्त पडवीच्या एका कोपऱ्यात, तेही वाऱ्याच्या मर्जीवर. कॉल सारखा तुटायचा, पलीकडचा 'साहेब' परत लावायचा, आणि या गडबडीत काकूंनी शेजारच्यांना हाक मारली. टॉवरच्या नावाने इतकी वर्षं शिव्या घातल्यात, त्या दिवसापुरत्या मागे घेतल्या. कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकारच नाही. 27 ऑक्टोबर 2024 च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही ते सांगितलं होतं. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत आणि पैसे 'तपासणीसाठी' मागवत तर नाहीतच. 'कोणाला सांगू नका' असं कोणी म्हणालं की पहिल्यांदा शेजाऱ्याला सांगायचं.

माझा नियम एका ठिकाणी साफ पडतो, तेही सांगते. फ्रिज बिघडला, पैसे अडकले, की लोक कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधतात. इथे आपण गेलेलो असतो, पण गेलेलो असतो चोराच्याच दारात, कारण तिथे कोणीही आपला नंबर टाकून ठेवू शकतो. त्यामुळे नंबर घ्यायचा तो पासबुकावरून, कार्डाच्या मागून, बिलावरून. बँकांच्या बाबतीत आता एक सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेने त्यांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत आपलं संकेतस्थळ 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर न्यायला सांगितलं होतं, आणि तो पत्ता बँकेशिवाय कोणाला मिळत नाही. पत्त्याचा शेवट बघायची सवय लावा, सुरुवात कोणीही सजवतो.

आता आमच्या धंद्याकडे येते, कारण यावर कोणी बोलत नाही. तुम्ही चोराला घाबरता आणि आधारकार्ड झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून मोकळे होता. त्या दुकानाच्या कॉम्प्युटरचा डाउनलोड फोल्डर कधी बघितलात? आधार, पॅन, पासबुक, सातबारा, मुलीचा दाखला, सगळं नावानिशी. डाउनलोड केलेल्या आधारला पासवर्ड असतो खरा, पण तो म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्माचं वर्ष. हे गावात कोणाचं कोणाला ठाऊक नसतं? माझ्याकडे नियम असा की प्रिंट निघाली की फाइल गिऱ्हाइकासमोर उडवायची, रिसायकल बिनमधूनसुद्धा, आणि चॅट तुमच्या फोनवरूनही पुसायला लावायचं. बिघडलेली झेरॉक्स मी फाडून देते, रद्दीत टाकत नाही. आधारची रद्दी भज्यांच्या पुडीला गेलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे, कुठल्या गाडीवर ते सांगत नाही. दुकानदार हे करत नसेल तर तुम्ही मागे लागून करून घ्या. लाज वाटायचं कारण नाही.

जिथे पूर्ण आकड्याची गरज नाही तिथे मास्क केलेलं आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आधारच्याच संकेतस्थळावर डाउनलोड करताना तो पर्याय असतो. लॉजवर, होमस्टेवर तेच द्यावं. बोटांचे ठसे लॉक करायचीही सोय आहे, म्हणजे तुमचा अंगठा वापरून कोणी खात्यातून पैसे काढू शकत नाही. पण आमच्याकडे त्यात एक मेख आहे. रेशन दुकानात तोच अंगठा लागतो, आणि लॉक असेल तर मशीन 'नाही' म्हणतं. कातळावर राबून बोटांवरच्या रेघा गेलेल्या म्हाताऱ्यांना तर मशीन एरवीही ओळखत नाही. त्यामुळे ज्याला लॉक-अनलॉक स्वतः जमतं त्यालाच मी ते करून देते. बाकीच्यांना सांगते, अंगठा लावल्यावर पावती घ्या आणि किती रक्कम छापली ते बघा.

पासवर्डचं काय? "माका काय कळता त्यातला? तूच लक्षात ठेव," असं मला सांगणाऱ्या बायका आहेत. मी ठेवत नाही. वहीत लिहून ठेवायला लावते आणि ती वही घरी, कपाटात. वहीत लिहू नये असं जाणकार म्हणतात, पण आमच्या वाडीत घरफोडी करून पासवर्ड चोरणारा अजून जन्मायचा आहे. त्याच पासवर्डचा फोटो मोबाइलमध्ये ठेवणं याहून कितीतरी वाईट. आणि पिन म्हणून जन्मसाल किंवा गाडीचा नंबर नको. गाडी तर दारात उभी असते.

एवढं करूनही पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, 1930 ला, फोन. आधी फोन, मग रडारड, मग मुलाला कळवणं. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात पळत असतात, वाटेत गोठवता आले तर येतात. हाताशी व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि खात्याचा तपशील ठेवा, नंतर तक्रार सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवरही नोंदवा. बँकेलाही लगेच लेखी कळवा. तुमची चूक नसताना बाहेरच्याच कोणी पैसे काढले असतील आणि तुम्ही तीन कामकाजी दिवसांत कळवलंत, तर रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये आणलेल्या नियमाप्रमाणे नुकसान तुमच्यावर येत नाही. ओटीपी किंवा पिन स्वतः दिला असेल तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, म्हणूनही घाई.

आणि ती दुसरी-तिसरी खाती कोणाची असतात? आपल्यासारख्यांच्याच पोरांची. 'तुझं खातं दोन महिने वापरायला दे, एटीएम आणि सिम आमच्याकडे, महिन्याला इतके देतो.' कॉलेजातली मुलं हो म्हणतात, आणि मग एक दिवस दूरच्या राज्यातल्या पोलिसांचं पत्र घरी येतं. आईबाप माझ्याकडे ते वाचून घ्यायला येतात. ते वाचून दाखवणं हे माझ्या धंद्यातलं सगळ्यात नको वाटणारं काम. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत हे 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर दिसतं, ते एकदा बघून घ्या. ओळखीचा नसलेला नंबर तिथूनच बंद करायला सांगता येतो.

चाकरमान्यांनो, तुमच्यासाठी वेगळं. गणपतीला याल तेव्हा आईबाबांना नवा फोन आणण्याआधी जुन्यातलं हे करा: व्हॉट्सअ‍ॅपला टू-स्टेप पिन लावा, यूपीआयची रोजची मर्यादा दोन-पाच हजारांवर आणा, निवृत्तीची रक्कम असलेलं खातं यूपीआयला जोडलेलं असेल तर काढा आणि घरखर्चाचं वेगळं छोटं खातं जोडा. प्ले स्टोअरबाहेरची अ‍ॅप घ्यायची परवानगी बंद करा. दीड दिवसाचा गणपती असला तरी तेवढ्यात होतं. रेंज नसेल तर तिठ्यावर या, दुकान आरतीआधी उघडं असतं. ओटीपी मात्र हळू सांगा.