सुईआधी गोळी

गळ्यातला पट्टा घट्ट होऊन एक भोक सैल करावा लागला, तेव्हा घरच्यांच्या लक्षात आलं. आठ वर्षांचा लॅब्रॅडोर, वजन 30 किलो, खाणं-खेळणं नेहमीसारखं. जबड्याखाली दोन्ही बाजूंना लिंबाएवढ्या गाठी, दाबल्या तरी न दुखणाऱ्या. आधीच्या डॉक्टरांनी ‘इन्फेक्शन असेल’ म्हणून अँटिबायोटिक आणि जोडीला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिलं. चार-पाच दिवसांत गाठी उतरल्या, घरात आनंदीआनंद. गोळ्या संपल्यावर गाठी परत आल्या, तेव्हा केस आमच्याकडे आली.

अशा गाठी लिम्फोमाच्या, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरच्या, असू शकतात. लिम्फोमावर प्रेडनिसोलोन खरोखर काम करतं, हीच पंचाईत आहे. रोगी लिम्फोसाइट मरतात, गाठ बसते, मालक खूश आणि डॉक्टरही. पण निदान धूसर होतं, आणि ज्या पेशी त्यातून तगतात त्या पुढे केमोच्या औषधांनाही दाद देईनाशा होऊ शकतात. गाठ कशाची आहे हे कळण्याआधी स्टेरॉइड देऊ नये, हे कॉलेजात सगळ्यांनी ऐकलेलं असतं. तरीही ‘बघू उतरतेय का’ चालूच.

सुईने नमुना घ्यायला भूल लागत नाही. जबड्याखालची गाठ मोठी दिसते म्हणून सगळे तिथेच सुई घालतात. पण दात किडले, हिरड्या सुजल्या तरी ती फुगते आणि स्लाइडवर नुसता गोंधळ दिसतो. मागच्या गुडघ्यामागची नाहीतर खांद्यापुढची गाठ घ्यावी. 22 गेजची सुई सिरिंज न जोडता आत घालायची, दिशा बदलत चार-पाचदा मागेपुढे करायची, बाहेर काढायची. मग हवा भरलेली सिरिंज जोडून थेंब काचेवर उडवायचा, वर दुसरी काच ठेवून अंगठ्याचा भार न देता सरकवायची. या पेशी फार नाजूक. जरा दाब पडला की केंद्रकं फुटतात आणि रंगवल्यावर नुसते जांभळे ओघळ उरतात. आणि स्लाइड फॉर्मलिनच्या बरणीसोबत एकाच पिशवीत पाठवू नका हो, वाफेने रंग धरत नाही. हे लॅबवाले सांगून थकले.

या कुत्र्याच्या पहिल्या स्लाइडवर नेमकं उत्तर मिळेना, गोळ्यांची कृपा. दुसऱ्या गाठीतून परत घेतल्यावर चित्र स्वच्छ झालं: न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीपेक्षा मोठे लिम्फोब्लास्ट (अपक्व लिम्फोसाइट), निम्म्याहून कितीतरी जास्त. पुढच्या तपासणीत बी-सेल प्रकारचा लिम्फोमा निघाला, रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल. त्यातल्या त्यात बरी बातमी.

घरच्यांना सांगताना ‘बरा होईल’ हा शब्द टाळावा लागतो. बहुतेक कुत्र्यांत गाठी पूर्ण जातात, पण रोग जात नाही, दबून राहतो. नुसत्या स्टेरॉइडवर साधारण एक-दोन महिने. चार औषधांच्या केमोवर, बी-सेल असेल तर, साधारण वर्षभर. आईंना केसांची काळजी होती. केमोने लॅब्रॅडोरचे केस सहसा गळत नाहीत, मिशा मात्र जातात. वडील म्हणाले, “डॉक्टर, हाल होणार असतील तर नको.” माणसांच्या केमोची भीती सगळे सोबत घेऊनच येतात. इथे डोस मुद्दाम हात राखून ठरवलेले असतात, कारण हेतू चांगले दिवस मिळवण्याचा असतो. मुलगी सगळं लिहून घेत होती. शेवटी तिने विचारलं, “त्या गोळ्या दिल्या नसत्या तर?”

एका कुत्र्यावरून ते सांगता येत नाही, हेच खरं उत्तर. तिला ते पटलं नाही, आणि मलाही ते पुरेसं वाटत नाही.

त्यांनी केमो निवडली. 30 किलोला अंगाचं क्षेत्रफळ सुमारे 0.97 चौरस मीटर. चार औषधांतलं व्हिन्क्रिस्टीन चौरस मीटरला 0.7 मिलिग्रॅम, म्हणजे 0.68 मिलिग्रॅम. औषध थोडंसंच, पण कॅथेटर पहिल्याच टोचण्यात नीट बसला पाहिजे. नाहीतर ती शीर त्या दिवसापुरती सोडायची, कारण थेंबभर बाहेर झिरपलं तरी मांस सडतं. डोसआधी दर वेळी रक्ततपासणी. न्यूट्रोफिल 1500 च्या खाली असतील तर डोस पुढे. सायक्लोफॉस्फामाइड हे त्यातलंच दुसरं औषध सकाळी द्यायचं आणि दिवसभर लघवीला वारंवार बाहेर न्यायचं, नाहीतर मूत्राशय सुजून लघवीतून रक्त येतं. ती गोळी तोडायची किंवा कुटायची नाही. डोसनंतर निदान तीन दिवस शी-शू उचलताना हातमोजे, गरोदर बाई आणि लहान मुलं लांब.

ताप मात्र घरच्यांनीच धरायचा असतो. नाक गरम लागतं म्हणजे ताप नव्हे, गुदद्वारात थर्मामीटर लावायचा. 102.5 फॅरनहाइटपर्यंत ठीक, 103.5 च्या वर गेला तर रात्र असली तरी फोन. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नये. त्यातून प्रेडनिसोलोन चालू असताना आयबुप्रोफेन दिलं तर पोटात अल्सर होऊन तो फुटूही शकतो. मुलीने चार्ट इतका चोख ठेवला की आमच्या केसपेपरला लाज वाटावी: जेवण, शी, ताप, दारापर्यंत स्वतः उठून आला की नाही.

पहिल्या आठवड्यातच गाठी गेल्या. पण कोर्स संपायच्या आतच परत आल्या. दुसरं औषध सुचवलं, घरच्यांनी नको म्हटलं, आणि ते योग्यच होतं. मग फक्त प्रेडनिसोलोन, आता त्याच्या योग्य जागी. कुत्र्याने जेवण सोडलं, दाराशी येणंही सोडलं, तेव्हा चार्ट बघून घरच्यांनीच निरोपाचा दिवस ठरवला.

आधीच्या डॉक्टरांना फोन केला होता. “गाठी उतरल्या होत्या ना?” हे त्यांचं उत्तर. वाद घातला नाही, स्लाइडचे फोटो पाठवले. मध्यंतरी त्यांच्याकडून एका बॉक्सरच्या दोन स्लाइड आल्या: दाबून घासलेल्या, निम्म्या पेशी फुटलेल्या, जबड्याखालच्याच गाठीतल्या. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘स्टेरॉइड दिलेलं नाही.’ गुडघ्यामागून परत घ्यायला सांगितलंय.