पियानोला दुरुस्ती : ८८ पैकी ५९ भाते झाले

मंडळी, काल रात्री न्यू जर्सीतल्या आमच्या बेसमेंटमध्ये पियानोला, म्हणजे पेडल मारून भोकं पाडलेल्या कागदी रोलवरून वाजवायचा पियानो, वाजला. दर तिसरा स्वर गायब, पण वाजला! प्रत्येक स्वराचा एक असे ८८ छोटे भाते तीन फळ्यांवर असतात आणि लागोपाठचे स्वर एकेका फळीवर वाटलेले असतात. खालची फळी अजून टेबलावर आहे, म्हणून तिची हवेची वाट बंद करून चाचणी घेतली.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. पेडल मारलं की यंत्रातली हवा ओढली जाते. रोलचं भोक पितळी पट्टीवरच्या भोकासमोर आलं की नळीतून बाहेरची हवा आत शिरते, कातड्याची चकती फुगून झडप उचलते, आणि त्या स्वराचा भाता मिटून हातोडी उडवतो. संगीत नाटकातला ऑर्गनही असाच हवा ओढून वाजतो. पेटीत मात्र हवा दाबली जाते.

गेले तीन महिने भात्यांवर नवं कापड चढवण्यातच गेले. जुनं रबरी कापड बोट लावताच बिस्किटासारखं तुटायचं. आधी कुणीतरी काही भाते पांढऱ्या गोंदाने चिकटवले होते. ते सोडवताना लाकडाचे पापुद्रे निघाले. म्हणून मी सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला जुना डिंकच वापरतो. ऊब आणि ओल दिली की तो सुटतो, पुढच्या माणसाला लाकूड फोडावं लागत नाही. प्रत्येक भात्याची परीक्षा एकच : मिटवायचा, भोकावर अंगठा दाबायचा, हात सोडायचा. मिटलेलाच राहिला तर पास. ५९ पैकी ६ पुन्हा करावे लागले.

वेगही तपासला. रोलवर ‘टेम्पो ७०’ असेल तर मिनिटाला ७ फूट कागद सरकायला हवा. माझा पावणेआठ जात होता, आणि पेडल जोरात मारलं की आणखी पळायचा. कागदाचा वेग सांभाळणाऱ्या भागाची, गव्हर्नरची, स्प्रिंग सैल केली, आता बरोबर ७ आहे.

मग रॅगटाइमचा अमेरिकन संगीतकार स्कॉट जॉप्लिनने १९१६ मध्ये स्वतः वाजवलेल्या रोलपैकी एकाची नवी प्रत लावली. भोकांमध्ये स्वर आहेत, लय आहे. जोर मात्र नाही. तो माझ्या पायांत होता. हळू दाबलं की वाक्य मऊ व्हायचं, टाच रोवली की उसळायचं. जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या वेल्टे-मिन्यॉन या यंत्राने १९०४ पासून वादकाचा जोरही रोलवर घेतला, आणि मेक्सिको सिटीत संगीतकार कॉनलन नॅनकॅरोने रोलवर हाताने भोकं पाडून दहा बोटांना न झेपणाऱ्या लयी रचल्या. दोन्ही मला थोर वाटतात. पण पायाच्या पियानोलाला कुणी ‘आपोआप वाजणारा’ म्हटलं की मला पटत नाही.

एक स्वर सारखा दाबलेलाच राहत होता. चकतीखालची हवा निघून जाण्याच्या बारीक छिद्रात कागदाची धूळ अडकली होती. बारीक तारेने काढली, सुटला. उरलेल्या २९ भात्यांचं कापड शुक्रवारी येतंय.