वंशावळीची नोंद : पेन्शनच्या फाइलमधून सापडलेली आत्या

कळमनुरीकडच्या आमच्या शाखेचं काम बरेच दिवस अडून बसलं होतं, ते या पावसाळ्यात पुढे सरकलं. चुलत आजोबांची स्वातंत्र्यसैनिक पेन्शनची फाइल हाती आली.

आधी ती मिळाली कशी ते सांगतो. हिंगोली जिल्हा 1 मे 1999 ला झाला. त्याआधी कळमनुरी परभणीत. म्हणून जुन्या अर्जाचा माग परभणीहून काढला. जालनेकरांनी 1981 आणि लातूरकरांनी 1982 हे साल असंच ध्यानात ठेवावं, त्याआधीचं दप्तर अनुक्रमे औरंगाबाद आणि उस्मानाबादच्या नावाने शोधायचं. पण कचेरीत जाण्याआधी घरातली ट्रंक उघडा. पेन्शनच्या आदेशाचे दोन भाग असतात, एक पैसे देणाऱ्याकडे, दुसरा पेन्शनरकडे. आजोबांचा भाग चुलत काकूंनी हयातीच्या दाखल्यांबरोबर पिशवीत जपून ठेवला होता. त्यावरचा नंबर टाकून काकांच्या सहीने अर्ज केला. वारसाने मागितलेलं बरं पडतं.

केंद्राची ही पेन्शन 1972 ची, म्हणजे आपल्याकडच्या दुष्काळाच्याच वर्षाची. तुरुंगात गेलेल्यांना तुरुंगाचा दाखला जोडता येई. भूमिगत राहिलेल्यांचं किंवा हैदराबाद मुक्तिसंग्रामात निझामाच्या हद्दीबाहेर, सरहद्दीवरच्या लढ्याच्या कॅम्पवर राहिलेल्यांचं काम अवघड. त्यांना तुरुंगवास भोगलेल्या दुसऱ्या सैनिकाचं प्रमाणपत्र लागे. आजोबा पैनगंगेपलीकडे उमरखेडच्या कॅम्पवर होते. नदीच्या अलीकडे निझामाची हद्द, पलीकडे वऱ्हाड.

मी थांबलो ते त्या प्रमाणपत्रापाशी. सही करणारे गृहस्थ उमरखेड तालुक्यातल्या एका खेड्याचे. अर्जदाराला कसं ओळखता, याचं उत्तर त्यांनी सरळ लिहिलंय : ‘अर्जदार माझे मामेभाऊ आहेत.’

म्हणजे या गृहस्थांची आई ही आजोबांची सख्खी किंवा चुलत आत्या. पणजोबांना बहीण होती हे आमच्या घरात आज कुणालाच माहीत नाही! घराण्याची वंशावळ लिहिणाऱ्या भाटाच्या वहीत ती नाही. 1954-55 च्या खासरा पत्रकात, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदीत नाही, सातबाऱ्यावर तर नाहीच. जमिनीचे कागद बापाकडून मुलाकडे जातात, लग्न होऊन गेलेली पोर त्यांत उरत नाही. म्हणून मला आता वाटतं की बायकांचा माग काढायचा तर पेन्शनची फाइल सातबाऱ्याच्या कितीतरी पुढची आहे. ओळख पटवायची म्हणून माणसाला नातं सांगावं लागतं, आणि नात्यात बायका येतातच. शिवाय पेन्शनर गेल्यावर पत्नीचा अर्ज येतो, अविवाहित मुलींची नावं येतात. आमच्या आजीचं माहेरचं नावही मला त्याच फाइलमध्ये मिळालं.

आजोबा दुसऱ्या कुठल्या कॅम्पवर न जाता उमरखेडलाच का गेले, हेही यातून उमगतं. तिकडे आत्याचं घर होतं. माझा हा अंदाज आहे, पण सोयऱ्यांच्या भरवशावर नदी ओलांडणं मला अगदी पटतं. तुमच्याकडे कुणी बार्शी, वाशीम किंवा पुसदकडे गेलं असेल तर त्या गावच्या सोयरिकी जरूर तपासा.

जुन्या कागदांवरच्या फसली, म्हणजे महसुली सालाचा हिशेब नव्या मंडळींसाठी : हैदराबाद संस्थानचं फसली साल ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आजूर महिन्याने सुरू होई. इसवी सन काढायला डिसेंबरअखेरपर्यंत 590 मिळवा, जानेवारीपासून 591. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर खुर्दाद 1345 आहे. खुर्दाद एप्रिल-मे मध्ये पडतो, म्हणजे 1936. शपथपत्रांतली वयं मात्र ‘अंदाजे’ लिहिलेली, ती मी वंशावळीत पेन्सिलनेच ठेवतो.

आत्याचं नाव अजून मिळालेलं नाही. प्रमाणपत्रात मुलाच्या नावापुढे बापाचंच नाव आहे. पण ते गाव वऱ्हाडातलं, त्यामुळे तिथल्या जन्ममृत्यूच्या नोंदी कोतवाल बुकात असायला हव्यात. दिवाळीनंतर उमरखेड तहसिलीत नकलेचा अर्ज टाकतोय, आधी त्या गृहस्थांच्या जन्माची नोंद आणि मग आत्याच्या मृत्यूची.